जुनी जीप चढावर झटके देते? पंप खोलायच्या आधी हे वाचा



आजचा मेसेज फवारणीचा नाही. आज गाडीबद्दल लिहितोय. मेसेज लांब आहे, दुपारच्या सावलीला बसून सावकाश वाचा. ज्यांच्याकडे जुनी डिझेल जीप, जुना पिकअप नाहीतर जुना ट्रॅक्टर आहे, त्यांनी तर नक्कीच.

आधी सांगतो, मी कृषी पदविकावाला माणूस, मेकॅनिक नाही. पण सीताफळाच्या हंगामात आपला माल वेळेवर पोचतो तो चार-पाच सभासदांच्या जुन्या गाड्यांवर. त्यातली एक गाडी जरी बसली तरी तीन वाड्यांचे क्रेट बांधावर राहतात. सीताफळ काही कांदा नाही, की चाळीत टाकलं आणि बघू पुढच्या आठवड्यात. डोळा उघडलेलं फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडतं.

तर गोष्ट आपल्या एका सभासदांच्या जीपची आहे. "माझं नाव टाकू नका, गावात हसतील," असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून आपण त्यांना तात्या म्हणू. जीप वीस वर्षांच्या पुढची. डिझेल, चार सिलेंडर, इंजिनात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, सगळं पाना-पक्कडीचं काम. सकाळी क्रेट भरून सासवडवरून दिवे घाट उतरून हडपसरला जायची, तेव्हा एकदम गपगार. येताना मागे रिकामे क्रेट आणि सरकी पेंडीच्या गोण्या. वडकी सोडून चढ लागला की दोन-तीन वळणांनंतर गाडी झटके द्यायला लागायची. आधी एखादा, मग लागोपाठ, शेवटी दम तोडून उभी. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. एका रात्री पावसात, मस्तानी तलाव दिसतो त्याच्या पुढच्या वळणावर ती बंद पडली आणि मागून भरलेला ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून तात्या आज आपल्यात आहेत. हे ते हसत सांगतात, पण काकूंनी त्या दिवसापासून रात्रीची खेप बंद करायला लावली.

मेकॅनिकने आधी डिझेल फिल्टर बदलले. दोन दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. मग नोझल काढून टेस्ट केले. परत दोन दिवस बरी, परत तेच. एव्हाना ११,८०० रुपये गेले होते. तिसऱ्या वेळी सांगितलं, "पंप खोलावा लागेल, कदाचित इंजिनही." तात्या गाडी भंगारात द्यायच्या विचाराला आले होते. मी त्यांच्या बागेत फळं बघायला गेलो तर म्हणाले, "फळांचं राहू द्या साहेब, तुमच्या ओळखीत गाडीचं गिऱ्हाईक आहे का ते सांगा."

मी म्हटलं, आधी तुमच्याबरोबर एक खेप करतो.

खरं सांगतो, माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं एअर फिल्टर तुंबला असेल. पण एअर फिल्टर तुंबला तर चढावर काळा धूर निघतो, आणि इथे धूर काळा नव्हताच. झटका बसताना थोडा पांढरा यायचा. म्हणजे डिझेलला हवा कमी पडत नव्हती, उलट डिझेलच नीट पोचत नव्हतं. पान पिवळं दिसलं की आपण लगेच युरिया टाकतो आणि मुळाला पाणी साचलंय हे नंतर कळतं, तसंच माझं झालं होतं.

आता इंजिनात डिझेल कसं फिरतं ते समजून घ्या, कारण सगळं निदान त्यावरच आहे. तुमच्या ठिबकसारखंच आहे. टाकी म्हणजे विहीर. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप म्हणजे मोटर, त्याच्यावरच हाताने मारायचा हँडपंप असतो. मग डिझेल फिल्टर, ते आपले स्क्रीन फिल्टर. मग मोठा पंप, जो प्रत्येक सिलेंडरला मोजून, वेळेवर, जोरात डिझेल देतो. बॉश कंपनीने असे पंप १९२७ पासून कारखान्यात बनवायला सुरुवात केली, आणि आपल्या जुन्या गाड्यांतला पंप त्याच तत्त्वाचा. शेवटी नोझल, म्हणजे ड्रिपर. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत.

*आता मुद्दा नीट वाचा.* टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप हा सक्शनचा पाइप आहे. विहिरीवरच्या मोटरचा अनुभव आठवा. डिलिव्हरीच्या पाइपला भोक पडलं तर पाणी बाहेर उडतं, लगेच दिसतं. सक्शनच्या पाइपला केसाएवढी चीर पडली तर पाणी बाहेर येत नाही, मोटर हवा घेते आणि पाणी फुटक फुटक येतं. जीपचंही तेच. सक्शनला चीर असेल तर खाली डिझेलचा थेंबही दिसत नाही. गाडी आतून हवा पिते. आणि डिझेल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, म्हणून पंपात बुडबुडा गेला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडतच नाही. तो झटका.

फिल्टर बदलल्यावर दोन दिवस गाडी बरी का चालायची, हे आता कळलं असेल. फिल्टर बदलला की मेकॅनिक लाइनमधली एअर काढतोच. नोझल काढले तरी एअर काढावी लागते. म्हणजे गुण यायचा तो एअर काढल्याचा, आणि नाव व्हायचं फिल्टरचं नाहीतर नोझलचं. मेकॅनिकला मी वाईट म्हणत नाही. त्याच्याकडे गाडी तासभर असते, दारात उभी असते, रिकामी असते. दोष चढावर आणि ओझ्याखाली दिसतो. तो बघायला सोबत बसूनच जावं लागतं.

तर खर्च करायच्या आधी काय बघायचं?

सगळ्यात आधी कान द्या. झटका *ताल धरून* आहे का बेताल, हे ओळखा. इंजिन सावकाश चालू ठेवून ठक-ठक-ठक असा एकसारखा मिस लागत असेल, तर बहुतेक एकाच सिलेंडरचं दुखणं आहे: नोझल, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन. मध्येच बरी, मध्येच दोन झटके, मग परत बरी, असं बेताल असेल तर चारही सिलेंडरना मिळून काहीतरी कमी पडतंय, म्हणजे डिझेलची लाइन. तात्यांची गाडी बेताल होती. चारही नोझल एकाच चढावर एकाच वेळी बिघडून दहा मिनिटांत बरे होतील का? नाही ना. एवढा विचार आम्ही दोघांनीही आधी केला नव्हता.

मग धूर बघा. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल नीट पेटत नाही, किंवा पाणी जातंय. थंडीत सकाळी पहिल्या दोन मिनिटांचा पांढरा धूर धरू नका.

मग *कधी* होतं ते वहीत लिहा. चालू केल्या केल्या, का वीस मिनिटांनी? सपाटीला का चढाला? टाकी भरलेली असताना का अर्ध्याखाली आल्यावर? तात्यांना विचारलं तर म्हणाले, "कधीही होतं." वहीत पाच खेपा लिहायला लावल्या, तेव्हा दिसलं की टाकी अर्ध्याच्या खाली असताना लवकर होतं आणि भरलेली असताना उशिरा. हे फार महत्त्वाचं निघालं.

पुढची तपासणी फुकटची आहे. गाडी झटके देऊन बंद पडली की लगेच डिझेल टाकीचं झाकण उघडा. उघडताना आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरळीत झाली, तर झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलंय. टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर आत पोकळी होते. सुई फिरवून भोक मोकळं केलं की काम झालं. आमच्याकडे आवाज आला नाही, म्हणजे हे कारण बाद.

मग बाटली. टाकीच्या तळाच्या नटातून, किंवा फिल्टरखालच्या स्क्रूमधून, पाण्याच्या पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली डिझेल घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं, मध्ये रेघ स्पष्ट दिसते. तात्यांच्या बाटलीत तळाला बोटभर पाणी आणि त्याच्या वर काळपट, बुळबुळीत साय. ही साय म्हणजे नुसती माती नाही. डिझेल आणि पाणी जिथे भेटतं तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांचा तो गाळ. आपण बुरशीनाशकाबद्दल रोज बोलतो, आणि बुरशी डिझेलच्या टाकीतही निघाली.

आता तो पाइप. पारदर्शक प्लास्टिक पाइपचा दीड फुटाचा तुकडा, जुन्या रबरी पाइपच्याच मापाचा, फीड पंपाच्या आधी सक्शन लाइनमध्ये बसवला, दोन्हीकडे क्लिप घट्ट. एअर काढून गाडी चालू केली. सावकाश असताना क्वचित एखादा मोहरीएवढा बुडबुडा. रेस वाढवून धरली, बारा मिनिटं झाली आणि बुडबुड्यांची माळ सुरू झाली. तेराव्या मिनिटाला अंगणातच झटका. तात्या बोनेटवर हात मारून म्हणाले, "हीच ती!" (हा पाइप तपासणीपुरताच. डिझेलने आणि इंजिनच्या गरमीने तो कडक होऊन फुटतो. कायमचा ठेवू नका.)

शेवटची खात्री कॅनने. टाकी बाजूलाच ठेवायची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल, कॅन फीड पंपापेक्षा थोडा उंच, फॅनपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, नवीन पाइपने थेट फीड पंपाला जोडायचा. गाडी जागेवर उभी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. हे रस्त्यावर चालवत करू नका. तसंच रेस धरून पंचवीस मिनिटं ठेवली. एक झटका नाही. म्हणजे फीड पंप चांगला, फिल्टर चांगले, मोठा पंप चांगला, नोझल चांगले. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये, साधारण सात फुटांच्या अंतरात. ज्या पंपाला खोलायला निघाले होते, त्याचा काही संबंध नव्हता.

टाकी उतरवली. आतल्या ओढ-नळीच्या टोकाला बारीक जाळी असते, ती त्या काळ्या सायीने तीन हिस्से बुजलेली. आणि चासीजवळ रबरी पाइप क्लिपखाली वाळून भेगाळलेला, वरून धूळ आणि ऑइल बसल्यामुळे दिसत नव्हता. वाकवल्यावर भेग उघडली.

दोन्ही दोष मिळून खेळ करत होते, म्हणून तो पटकन सापडत नव्हता. गाडी सावकाश किंवा उतारावर असली की अर्धवट बुजलेली जाळीही पुरेसं डिझेल देते. चढ लागला, रेस वाढली, की फीड पंप जास्त ओढतो. जाळी देत नाही, मग पाइपमध्ये ओढ वाढते आणि भेगेतून हवा आत येते. टाकी भरलेली असेल तर डिझेलच्या वजनाचा थोडा आधार मिळतो, अर्ध्याखाली गेली की तोही जातो, शिवाय तळाचा गाळ हेलकाव्याने जाळीला चिकटतो. गाडी बंद केली की ओढ थांबते, गाळ जाळीवरून खाली सुटतो, मग चालू करून पुढचा चढ निघतो. वहीतल्या पाचही खेपा याला जुळल्या.

दुरुस्ती सांगतो. टाकी उतरवून डिझेलनेच तीन वेळा खळखळून धुतली, उन्हात उलटी वाळवली. पाण्याने धुऊ नका, आणि टाकीजवळ वेल्डिंग किंवा बिडी-सिगारेट अजिबात नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. जाळी ब्रशने साफ केली. डिझेलचा म्हणून मिळणारा नवीन रबरी पाइप घेतला. साधा पाण्याचा रबर डिझेलने फुगतो. नवीन क्लिपा, आणि जोडाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीन, कारण एकदा दाबलेला वॉशर पुन्हा नीट बसेलच असं नाही. टाकी साफ केल्यावर एक डिझेल फिल्टरही नवा टाकला. फिल्टर धरून खर्च ९४० रुपये आणि एक दुपार.

एअर काढायची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा ढिला करा, हँडपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. अखंड आलं की हँडपंप मारता मारताच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडच्या फिल्टरपासून सुरुवात करा. मग मोठ्या पंपाच्या स्क्रूवर तेच. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर आणि बॅटरीचं नवीन काम निघेल. सांडलेलं डिझेल पुसून मगच गाडी चालू करा.

*एक धोका ठळक सांगतो.* कोणता नोझल काम करत नाही हे बघायला मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करतात. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीच मेलेला. पद्धत बरोबर आहे, पण ते जाणत्या माणसाच्याच हातून, डोळ्याला चष्मा लावून. आपला एचटीपी फवारणी पंप साधारण २० ते ४० किलो प्रेशरवर चालतो. जुन्या डिझेल इंजिनाचा नोझल दोनशेच्या आसपास उघडतो. ती बारीक धार कातडी फाडून आत घुसते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सडायला लागतो. असं झालं तर हळद लावून बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं शब्दांत सांगा. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

आणि नवीन गाड्या, ज्यात कॉमन रेल आहे, त्यांचा एकही नट ढिला करू नका. तिथे प्रेशर हजार-दीड हजारांच्या पुढे असतं. बीएस-६ गाड्या (१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या) तर सरळ कंपनीच्या माणसाकडेच. वरचं सगळं फक्त जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरला लागू. जुनी पेट्रोल जीप असेल तर प्रकरण वेगळं: पावसाळ्यात झटके म्हणजे आधी प्लग, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातली ओल बघा, कार्ब्युरेटर नंतर.

आता टाकीत पाणी आलं कुठून? तात्यांच्या गोठ्याशेजारी दोनशे लिटरचा पिंप उभा आहे. ट्रॅक्टरसाठी डिझेल आणून ठेवतात. पिंप उघड्यावर, बुच वरच्या बाजूला. पावसाचं पाणी झाकणावर साचतं, दिवसा पिंप तापतो, रात्री गार होतो आणि बुचाच्या आट्यातून पाणी आत ओढतो. त्यातून नळीने कॅनमध्ये, कॅनमधून बिनगाळणीच्या नरसाळ्याने जीपमध्ये. ट्रॅक्टरच्या फिल्टरखाली काचेची वाटी आहे, तिथे पाणी दिसायचं आणि गडी ते काढून टाकायचा. जीपला वाटी नव्हती. तेच डिझेल, पण एका गाडीने तक्रार केली आणि दुसरीची कुणी रोज काढून टाकत होतं, एवढाच फरक.

पिंप आता पत्र्याखाली आडवा, थोडा तिरका ठेवलाय. पाणी आणि गाळ खालच्या कडेला जमतो आणि नळ त्याच्यापेक्षा चार बोटं वर. डिझेल आणल्यावर एक रात्र बसू देतात. नरसाळ्यात बारीक जाळी. आणि पावसाळ्यात जीपची टाकी रात्री रिकामी ठेवत नाहीत, कारण अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पत्र्याला आतून घाम सुटतो आणि तेच पाणी तळाला जातं.

गेले सात आठवडे तात्यांची जीप घाट एका दमात चढते आहे. सकाळी चालू करताना थोडा पांढरा धूर अजून आहे, तो वेगळा विषय. बहुतेक हीटर प्लगचा. तो हंगाम संपल्यावर बघू असं ठरलंय. काकूंनी रात्रीच्या खेपेला अजून होकार दिलेला नाही, आणि त्यात मी पडणार नाही.

संकलन केंद्रावर मी पारदर्शक पाइपचे दोन तुकडे (दोन मापांचे), चार क्लिपा आणि एक स्वच्छ पाच लिटरचा कॅन ठेवलाय. काउंटरवर वहीत नाव लिहून घेऊन जा, दोन दिवसांत परत आणा, धुऊन. गाडीचा व्हिडिओ पाठवणार असाल तर इंजिन सावकाश असतानाचा अर्धा मिनिट आणि रेस धरलेला अर्धा मिनिट, आणि धूर दिसेल असा. सोबत टाकी किती भरलेली होती तेही लिहा. नुसतं "गाडी मिसिंग करते" एवढंच पाठवलं तर मी पुन्हा तेच प्रश्न विचारणार.